पिस्तुलाची मागची माशी इतकी घट्ट का असते? जॉन ब्राउनिंगच्या आयुष्यात सापडतं उत्तर

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे नावाचं गाव आहे. तिथे काय किंवा आजूबाजूच्या कुठल्याही गावात काय, पेरणीच्या तोंडावर वेल्डिंगच्या दुकानात जाऊन उभं राहा. कल्टिव्हेटरची जाम झालेली पिन घेऊन कुणीतरी आलेलं असतंच. घरी हातोडीचे चार घाव घालून झालेले असतात, पिनेचं डोकं पसरलेलं असतं आणि ती आणखी घट्ट बसलेली असते. मग कारागीर तेल सोडतो, वाट बघतो, नेमक्या जागी ठोका देतो आणि पिन सुटते.

पिस्तुलातही असाच एक हट्टी भाग असतो, मागची माशी. नेम धरताना डोळ्याजवळची खाच ती हीच. इंग्रजीत हिला रिअर साइट म्हणतात. हा नखाएवढा तुकडा सहज निघत नाही. आणि एकदा तर जगातल्या सर्वात मोठ्या शस्त्र-डिझायनरने बनवलेली मागची माशीच पिस्तुलांवरून काढून टाकायची वेळ आली होती. त्या माणसाचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला मुलगा

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर ते १८५२ मध्ये युटात आले होते. आजूबाजूचे शेतकरी आणि शिकारी मोडलेल्या बंदुका त्यांच्या दुकानात आणून टाकायचे.

जॉनचं खरं शिक्षण त्या दुकानात झालं. बंदूक कुठे अडकते, कुठला भाग आधी झिजतो, माणूस घाईत ती कशी चुकीची वापरतो, हे त्याला आधी कळलं. नवी बंदूक कशी बनवायची हा प्रश्न नंतर आला. भंगारातले तुकडे जोडून त्याने लहानपणीच पहिली बंदूक तयार केली होती.

१८७९ हे वर्ष त्याच्यासाठी उलथापालथीचं ठरलं. एप्रिलमध्ये लग्न झालं, जूनमध्ये वडील गेले आणि ७ ऑक्टोबरला एका सिंगल-शॉट रायफलसाठी त्याला पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये त्या रायफली बनवायला सुरुवात केली. १८८३ मध्ये विंचेस्टर या बड्या कंपनीने त्या रायफलीचे हक्क ८,००० डॉलर्सना विकत घेतले. तिथून पुढची जवळपास वीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करायचा आणि विंचेस्टर विकायची.

वाकलेलं गवत आणि पिस्तूल

१८८९ च्या सुमारास एका नेमबाजीच्या वेळी ब्राउनिंगचं लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेलं. गोळी सुटली की नळीच्या तोंडासमोरचं गवत वाकत होतं. म्हणजे गोळीमागून निघणारा गॅस फुकट जात होता. हाच जोर वापरून बंदूक स्वतःच पुढची गोळी भरू शकेल, हा विचार त्याने पकडला. त्यातून पुढे मशीनगन आल्या आणि स्वयंचलित यंत्रणेचं हेच वेड त्याला पिस्तुलांकडे घेऊन गेलं.

आजच्या बहुतेक पिस्तुलांवर मागे-पुढे सरकणारा जो लांबट पोलादी भाग दिसतो, त्याला स्लाइड म्हणतात. ही कल्पना त्याच्याच कामातून रूढ झाली. अमेरिकेत कोल्ट कंपनी आणि बेल्जियममध्ये एफएन कंपनी, अशा दोन्हीकडे त्याची पिस्तुलं बनू लागली.

माशीच झाली सेफ्टी

१९०० मध्ये कोल्टने ब्राउनिंगचं ०.३८ कॅलिबरचं स्वयंचलित पिस्तूल बाजारात आणलं. त्यात एक हुशार जुगाड होता. मागची माशी एका पिनेवर हलायची. ती खाली दाबली की आतली फायरिंग पिन अडायची आणि गोळी सुटायची नाही. वर उचलली की नेमही धरता यायचा आणि पिस्तूलही तयार. एकाच तुकड्यात दोन कामं!

कागदावर हे सुंदर होतं, पण ही सोय फार काळ टिकली नाही. कोल्टने ती बनवणं लवकरच थांबवलं. आधी विकलेली बरीच पिस्तुलं कारखान्यात परत आली, तिथे ती हलणारी माशी काढली गेली आणि तिच्या जागी न हलणारी साधी माशी घट्ट ठोकून बसवली गेली. बदल न झालेली मूळ पिस्तुलं आज म्हणूनच संग्राहकांसाठी मोलाची आहेत. पुढच्या १९०२ च्या मॉडेलमध्ये तर हाताने लावायची सेफ्टीच ठेवली नव्हती.

ब्राउनिंग इथे थांबला नाही. अमेरिकन लष्कराने २९ मार्च १९११ रोजी त्याचं ०.४५ कॅलिबरचं पिस्तूल स्वीकारलं, तेव्हा त्यात अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी होती आणि मुठीतही एक होती. चाचणीत त्याने ६,००० गोळ्या न अडकता झाडल्या होत्या. नळी, स्प्रिंग आणि स्लाइड सैनिकाला खास हत्यारांशिवाय सुटी करता येत होती. मागची माशी मात्र स्लाइडवरच्या खाचेत घट्ट बसवलेली होती. साफसफाईसाठी जे रोज उघडायचं ते सहज उघडलं पाहिजे आणि नेमासाठी जे हलायला नको ते हलताच कामा नये, असा तो हिशोब होता.

मग ती निघते कशी?

खाच वर अरुंद आणि खाली रुंद असते, कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखी. सुतार लाकडाच्या सांध्यात हाच आकार वापरतात. माशी वर उचलून निघत नाही, फक्त बाजूने सरकते. तिचा आकार खाचेपेक्षा केसभर मोठा ठेवलेला असतो, म्हणून ती आवळून बसते. त्यात वर्षानुवर्षांचा गंज किंवा कारखान्यात लावलेलं चिकट रसायन असेल तर ती आणखी हट्टाला पेटते.

कारागीर आधी मॅगझिन काढतो, मग नळीत गोळी उरलेली नाही हे डोळ्याने आणि बोटाने तपासतो. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी पुन्हा नळीत चढू शकते. मग स्लाइड वेगळी होते, शेगड्यात मऊ पट्ट्यांमध्ये धरली जाते, सांध्यात तेल सोडलं जातं. ठोकायला पितळेचा पंच वापरतात, कारण पोलादी पंचाने स्लाइडवर कायमचे वण पडतात. अनेक दुकानांत स्क्रूच्या जोराने माशी हळूहळू ढकलणारं खास हत्यारही असतं.

भारतात मात्र हे घरी करून बघण्याचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. परवानाधारकाने आपलं शस्त्र अशा परवानाधारक दुकानात न्यायचं, हाच सरळ मार्ग.

नाशिक आणि साराजेवो

ब्राउनिंगचं नाव मराठी इतिहासात येतं ते वेगळ्याच वाटेने. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत भारतात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या अशाच पिस्तुलातून. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते.

साडेचार वर्षांनी, २८ जून १९१४ रोजी, साराजेवोमध्ये गाव्ह्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं. त्याच्या हातातही एफएनने बनवलेलं ब्राउनिंगचं पिस्तूल होतं. त्यानंतर पहिलं महायुद्ध पेटलं.

ही खिशात मावणारी पिस्तुलं होती आणि त्यांच्यावरची माशी अगदी बारीक. दोन्ही ठिकाणी अंतर इतकं कमी होतं की माशीतून नेम धरायची गरजच नव्हती. पिस्तूल हातातून चुकून सुटू नये यासाठी ब्राउनिंगने आयुष्यभर डोकं लावलं. ते कुणाच्या हातात पडावं, हे ठरवणारी सेफ्टी मात्र कुठल्याच कारागिराला बनवता आलेली नाही.

अर्धवट राहिलेलं शेवटचं काम

ब्राउनिंगच्या नावावर १२८ पेटंट्स आहेत. सत्तरी ओलांडल्यावरही तो कामासाठी बेल्जियमला जात राहिला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएज शहराजवळच्या एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या ऑफिसमध्ये हृदय बंद पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो एका नव्या ९ एमएम पिस्तुलावर काम करत होता.

ते पिस्तूल एफएनच्या द्यूदोने सेव्ह या डिझायनरने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर म्हणून बाहेर आलं. त्याचीच भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते. पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए या नावाने ते आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी अनेक वर्षं वापरलं आहे. त्याची मागची माशीही स्लाइडवरच्या खाचेत घट्ट बसवलेली असते.