पाण्याला शिस्त लावणारा अभियंता

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरचे दिवाणपद यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र त्यांची उमेदीची सुमारे पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सेवेत गेली आणि माणसाच्या ओंजळीत स्वच्छ पाणी कसे पडावे, याचा विचार त्यांनी याच काळात केला, हे महाराष्ट्रातही फारसे आठवले जात नाही.

मुद्देनहळ्ळी या कर्नाटकातील खेड्यात एका संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला पदवी मिळवली आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले. स्थापत्य परीक्षेत पहिला क्रमांक पटकावल्यावर १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिले ठिकाण होते नाशिक. पुढे खानदेशात पांझरेचा प्रवाह ओलांडून नळाने पाणी नेण्याचे अवघड काम त्यांनी तडीस नेले.

त्यांच्या प्रतिभेची खरी कसोटी लागली ती सिंधमधील सक्कर येथे. सिंधू नदीकाठच्या या गावाला पाणी उदंड होते, पण ते गढूळ. गाळणी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रालगत विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपणारे पाणी तिच्यात निवळून येऊ लागले. आवक वाढवण्यासाठी विहिरीपासून नदीच्या तळाखाली बोगदा काढण्यात आला. हे पाणी पंपाने टेकडीवर चढवून तेथून नळांनी गावात सोडण्यात आले. १८९५ मध्ये योजना पूर्ण झाली. निसर्गाचीच गाळणी वापरून अल्प खर्चात शुद्ध पाणी देता येते, हे या कामाने सिद्ध केले.

त्यानंतरची वर्षे प्लेगची होती. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात साथीने हाहाकार उडवला. शहराचे आरोग्य दवाखान्यात नव्हे, तर गटारांत आणि नळांत ठरते, याची जाणीव सरकारला उशिरा का होईना झाली. १९०४ मध्ये विश्वेश्वरय्या इलाख्याचे स्वच्छता अभियंता झाले. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा हे दोन प्रश्न अलग नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा गावांच्या पाणीयोजना त्यांच्या नजरेखालून गेल्या. १९०६ मध्ये सरकारने त्यांना याच कामासाठी एडनलाही पाठवले.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसवलेली स्वयंचलित दारे हे त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन. जलाशय ठरावीक पातळीपर्यंत भरला की पाण्याच्याच जोराने दारे उचलली जात आणि पूर ओसरला की ती आपोआप मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला आणि माणसाच्या जागरूकतेवर विसंबण्याची गरज उरली नाही. या दारांचे पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी सेवेत असताना लावलेल्या शोधाचे मानधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. घराच्या गच्चीवरील टाकीत पाण्याची पातळी पाहून नळ बंद करणारा बॉल कॉक लहान प्रमाणावर हेच करतो. पाण्याची पातळी हीच त्याचा पहारेकरी.

मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणे त्या काळी दुरापास्त होते. १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी सेवेतून निवृत्ती पत्करली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजामाच्या बोलावण्यावरून त्यांनी पूरनियंत्रणाची आणि शहराच्या निचऱ्याची योजना आखून दिली. उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय तिचेच फळ. पुढे म्हैसूरचे मुख्य अभियंता, १९१२ ते १९१८ दिवाण आणि १९५५ मध्ये भारतरत्न असा त्यांचा प्रवास झाला. १९६० मध्ये देशाने त्यांची जन्मशताब्दी साजरी केली. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली आणि इमारतीतील नळकामाचे नियम एकत्र आले. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. पिण्याच्या पाण्याची वाहिनी बोअरवेलच्या किंवा शौचालयाच्या वाहिनीला कधीही जोडू नये, टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड पाण्यात बुडू नये, टाकीला घट्ट झाकण असावे, जमिनीखालील नळ गटारापासून दूर ठेवावा, असे हे साधे नियम आहेत. त्यांमागचे कारणही साधेच आहे. पुरवठा थांबला की नळातील दाब उतरतो आणि फटीतून किंवा बुडालेल्या तोंडातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. चोवीस तास पाणी नसलेल्या गावात हा धोका रोजचाच.

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात याची निकड अधिक आहे. २०१४ मध्ये जिल्हा झाल्यानंतर येथे इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. सूर्या प्रकल्पाचे पाणी, कूपनलिका आणि टँकर यांचे पाणी अनेकदा एकाच आवारात येते. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. अशा ठिकाणी एक चुकीची जोडणी साऱ्या इमारतीला आजारी पाडू शकते. संहिता मात्र मुळात मार्गदर्शक. स्थानिक नियमांत ती उतरली आणि जागेवर तपासणी झाली, तरच तिला अर्थ आहे.

सक्करच्या अभियंत्याकडे पैसा नव्हता, पण पाणी कुठून येते आणि कोणत्या वाटेने जाते, हे त्याने आधी पाहिले होते. गृहसंस्थांनी आपल्या टाकीपासून तेवढे पाहिले, तरी अभियंता दिन कारणी लागेल.