लक्ष्मीबाई टिळक यांचें उतारवय

संत एकनाथांचें भावार्थ रामायण अपुरें राहिलें व तें त्यांच्या गावबा नांवाच्या शिष्यानें पुरें केलें, ही पैठणची गोष्ट आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील वडील माणसांस ठाऊक आहे. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकजवळील जलालपूर येथें, १८६८ सालीं मनकर्णिका गोखले ही मुलगी जन्मली. तिच्याही वाट्यास दुसऱ्यानें अर्धवट ठेवलेलें ओवीबद्ध काव्य पुरें करण्याचें काम आलें, आणि तेंही वयाची पन्नाशी गांठल्यावर. ह्याच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें प्रसिद्ध झाल्या.

त्यांचे पूर्वायुष्य आमच्या मंडळ्यांत पुष्कळदां सांगितलें जातें, म्हणून तें थोडक्यांत आटोपतों. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आणलेलें मीठदेखील धुवून घ्यावें. १८८० सालीं नारायण वामन टिळकांशीं लग्न झालें. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पदरीं लहान मूल असतां लक्ष्मीबाई पति जिवंत असूनही पतीस अंतरल्या. कांहीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें गेलीं. पुढें त्या पतीकडे परतल्या, परंतु सोवळें लगेच सुटलें नाहीं. जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, हें त्यांच्या मनानें आपल्याच विचारानें घेतलें, तेव्हां तें सुटलें. १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या घरीं परक्यांचीं मुलें सदा वाढत असत.

९ मे १९१९ रोजीं टिळक प्रभूकडे गेले. बाईंचें वय तेव्हां एकावन्नास टेकलें होतें. लूककृत शुभवर्तमानांतील हन्ना ही वृद्ध विधवा मंदिर न सोडतां सेवा करीत राहिली, हें आम्ही उपासनेंत वाचतों खरें; पण आमच्या मंडळींतील म्हातारीस आम्ही काय काम सांगतों? भिंतीजवळची जागा देतों, आणि प्रभुभोजनाच्या दिवशीं हात धरून पुढें नेतों, इतकेंच.

लक्ष्मीबाईंपुढें मात्र एक काम पडलेलें होतें. प्रभु येशूचें चरित्र मराठी ओवींत गावें म्हणून टिळकांनीं १९०९ सालीं ख्रिस्तायन आरंभिलें होतें. जो वाचूं शकत नाहीं त्यानें तें ऐकावें, व ऐकलेलें घरीं म्हणावें, हा ओवीचा मोठा उपयोग आमच्या उपदेशकबंधूंस सांगावयास नको. पण दहा वर्षांत सुमारें दहाच अध्याय झाले होते. टिळक संस्कृत जाणणारे, नांवाजलेले कवि. बाईंनीं शाळेचें तोंडही पाहिलेलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर टिळकांच्याच हातून. असें असतां त्यांनीं लेखणी धरली आणि चौसष्ट अध्याय रचिले. टिळकांच्या ओवीची ठेवण बाईंच्या ओवीस नाहीं असें कोणी पंडित म्हणाल्यास आम्ही त्याशीं भांडणार नाहीं. बाईंनीं हात लाविला नसता तर गोठ्यापासून निघालेली ती कथा वाटेंतच थांबली असती.

ह्याच वयांत त्यांच्या हातून दुसरें एक काम झालें. पुत्र देवदत्त यांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या, असें त्यांनीं सुचविलें. त्या आठवणींचीच स्मृतिचित्रे झालीं. संजीवनी साप्ताहिकांत तीं क्रमशः आलीं व १९३४ सालीं पहिला भाग पुस्तकरूपानें निघाला, तेव्हां बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. घरांत बोलावें तशीच त्यांत भाषा आहे. टिळकांचा राग, स्वतःची फजिती, उपाशी राहिलेले दिवस, सर्व हंसत सांगितलें आहे. ज्या नातलगांचा धर्म त्यांनीं सोडला त्यांची माया मात्र त्या विसरल्या नाहींत. संकटांत आधार झालेल्या आपल्या हिंदु बहिणीविषयीं त्यांनीं कृतज्ञतेनें लिहिलें आहे. आमच्या कित्येक साक्षींत सर्व दोष जुन्या घराचे आणि सर्व गुण आपले असतात. अशी साक्ष देण्यास उभे राहणाऱ्यानें हें पुस्तक एकदां वाचावें, व ज्यास वाचतां येत नाहीं त्यास उपदेशकानें वाचून दाखवावें.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाईंचें देहावसान झालें. स्मृतिचित्रांचा चवथा भाग त्यांच्या मागून छापला गेला. ख्रिस्तायनाचा शेवटचा अध्याय त्यांच्या हातून लिहावयाचा राहिला होता. तो देवदत्तांनीं लिहिला, आणि बापानें आरंभिलेला, आईनें वाढविलेला व मुलानें शेवटास नेलेला तो ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला.