विष्णुशास्त्री चिपळूणकर : मॅट्रिकचे इंग्रजी आणि मराठी गद्याची जडणघडण

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात निबंधकार, 'निबंधमाला'कार आणि मराठी भाषेचे कैवारी म्हणून घेतले जाते. त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू मात्र अभ्यासकांकडून बहुधा ओझरतीच पाहिली जाते. विष्णुशास्त्री हे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेतून तावून निघालेल्या पहिल्या काही पिढ्यांपैकी एका पिढीचे प्रतिनिधी होते. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी हायस्कुलातील शिक्षक म्हणून काढला आणि अखेरीस जी शाळा काढली, तिचे यश लोकांनी प्रथम मॅट्रिकच्या निकालावरच जोखले. इंग्रजी व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन यांचा परीक्षेसाठी होणारा अभ्यास आणि विष्णुशास्त्र्यांचे मराठी गद्य यांच्यात काही आंतरिक संबंध आहे काय, हा प्रश्न समोर ठेवून प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत पाठशाळेत तयार झालेले शास्त्री. शास्त्राध्ययन पुरे झाल्यावर त्यांनी इंग्रजी हस्तगत केले आणि पुढे शिक्षणखात्यात भाषांतर, ग्रंथपरीक्षण व शिक्षकांचे प्रशिक्षण या क्षेत्रांत मोठे नाव मिळविले. अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्याचा त्यांचा उपक्रम प्रसिद्ध आहे. मराठी व्याकरणावरील त्यांचे निबंधही तितकेच महत्त्वाचे आहेत. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते व त्याची मांडणी लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. कृष्णशास्त्र्यांनी त्या मांडणीची संस्कृत व्याकरणाच्या अंगाने चिकित्सा केली. अशा रीतीने मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तीन भाषांच्या व्याकरणांची तुलना ही विष्णुशास्त्र्यांच्या घरातलीच गोष्ट होती. मुलाला जे शाळेत शिकावे लागले, त्यावर वाद घालण्याची सवय त्याला घरातून लागली असली पाहिजे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मधील आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मधील. त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. विष्णुशास्त्री १८६५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ही परीक्षा उत्तीर्ण झाले. नावाने ही प्रवेशपरीक्षा असली तरी समाजाच्या दृष्टीने ती शाळा संपल्याची खूण होती. सरकारी कचेरीत किंवा शाळेत चांगली जागा मिळण्याचा मार्ग तिच्यावरूनच जात असे. तिचा कणा इंग्रजी हाच होता. शब्दांच्या जाती ओळखणे, वाक्याचे अवयव सुटे करणे, पद्याचा आशय गद्यात मांडणे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणे, हा शाळेतील इंग्रजीच्या सरावाचा ठरीव साचा. हॉवर्डच्या वाचनमालेतील धड्यांपासून सुरुवात करून विद्यार्थी हळूहळू इंग्रजी निबंधकारांपर्यंत पोचत असे. शब्दार्थ पाठ करणे हा या अभ्यासाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कंटाळवाणा भाग होता. शिवाय हा अभ्यास इंग्रजीच्या तासापुरता मर्यादित नव्हता. इतिहास, भूगोल, गणित हे विषयही वरच्या इयत्तांत इंग्रजीतूनच शिकावे लागत, त्यामुळे ज्याचे इंग्रजी कच्चे त्याचे सर्वच कच्चे ठरत असे.

या पद्धतीचे दुष्परिणाम पुढे विष्णुशास्त्र्यांनी स्वतःच दाखवून दिले, परंतु तिने त्यांना काय दिले याचाही विचार केला पाहिजे. वाक्याचे अवयव सुटे करण्याची सवय ज्याला लागली, त्याला लांब वाक्य तोल सांभाळून रचणेही साधते. पद्याचा आशय गद्यात मांडण्याच्या सरावातून एकच अर्थ अनेक प्रकारे सांगण्याची शक्ती येते. भाषांतराच्या सरावातून तर आपल्या भाषेत कोणता शब्द आहे आणि कोणता नाही याची सतत जाणीव होत राहते. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही जाणीव परीक्षेबरोबर संपे. विष्णुशास्त्र्यांच्या बाबतीत ती संपली नाही, हे त्यांचे वेगळेपण आहे.

मॅट्रिकनंतर ते डेक्कन कॉलेजात गेले. पूना कॉलेजला हे नाव १८६४ मध्ये मिळाले होते, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या बाजूस नव्या इमारतीत गेले. तेथे संस्कृतचे अध्यापन कीलहॉर्न यांच्याकडे होते. विष्णुशास्त्र्यांची विद्यापीठीय वाटचाल मात्र झपाट्याची नव्हती. मॅट्रिकपासून बी. ए. होईपर्यंत सहासात वर्षे गेली. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचा ओढा अधिक होता. जॉन्सन, ॲडिसन आणि मेकॉले हे त्यांचे आवडते लेखक. परीक्षेच्या दृष्टीने हे वाचन फारसे लाभदायक ठरले नसेल, पण मराठी निबंधाच्या दृष्टीने हीच वर्षे निर्णायक होती. परीक्षेसाठी वाचलेले इंग्रजी आणि स्वतःसाठी वाचलेले इंग्रजी यांतील फरक त्यांना स्वानुभवाने कळला. पुढे 'निबंधमाले'त वाचन या विषयावर त्यांनी जो निबंध लिहिला, त्यामागे हा अनुभव आहे.

विद्यार्थिदशेतच त्यांच्या लेखनाला सुरुवात झाली. शिक्षकांसाठी निघणाऱ्या 'शालापत्रक' या मासिकात १८६८ पासून ते लिहू लागले व पुढे त्याचे संपादनही त्यांच्याकडे आले. संस्कृत कवींवरील त्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम येथेच आले. सरकारी आश्रयाखालील या मासिकातून सरकारवर व मिशनऱ्यांवर टीका होऊ लागल्यामुळे १८७५ साली ते बंद पडले. याच काळात जॉन्सनच्या 'रासेलस' या कथेचे कृष्णशास्त्र्यांनी आरंभलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. जॉन्सनचे वाक्य समतोल, जोडजोडीने चालणारे आणि लॅटिन शब्दांनी जड झालेले असते. ते मराठीत आणताना संस्कृत शब्दांचा आधार घ्यावा लागतो आणि वाक्याची लांबीही सांभाळावी लागते. 'निबंधमाले'तील शैलीची पूर्वतयारी या भाषांतरात झाली, असे म्हणावयास हरकत नाही. शाळेतील भाषांतर मराठीतून इंग्रजीत जात असे. येथे त्याची दिशा उलटली.

पदवीनंतर ते शिक्षक झाले. प्रथम बाबा गोखले यांच्या शाळेत आणि नंतर पुण्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांनी नोकरी केली. मॅट्रिकच्या वाटेवरील विद्यार्थी आता त्यांच्यासमोर बसत होते. याच नोकरीत असताना १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. त्यानंतर भाषापद्धती, लेखनशुद्धी, इंग्रजी भाषा, विद्वत्त्व आणि कवित्व, वाचन, डॉ. जॉन्सन, मोरोपंतांची कविता असे विषय आले. या विषयांची यादी नजरेखालून घातली तर व्याकरण, शब्द आणि वाचन हीच मॅट्रिकच्या अभ्यासाची तीन अंगे मराठीच्या संदर्भात पुन्हा उभी राहिलेली दिसतात. इंग्रजीसाठी जी मेहनत विद्यार्थी मुकाट्याने करतो ती मराठीसाठी कोणी करीत नाही, हे त्यांच्या तक्रारीचे मर्म होते. मराठी आपोआप येते, तिचा अभ्यास करावा लागत नाही, ही सुशिक्षितांची समजूत त्यांना खोडून काढावयाची होती.

ही तक्रार पोकळ नव्हती. १८६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषांना वगळण्यात आले होते आणि त्यांची जागा संस्कृतसारख्या अभिजात भाषांनी घेतली होती. मराठी पुन्हा विद्यापीठात यावी यासाठी रानड्यांना शतकाच्या अखेरपर्यंत झटावे लागले. शाळेतील क्रमिक पुस्तकांची मराठी तर मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली घडलेली होती. त्या मराठीवर विष्णुशास्त्र्यांनी कडक टीका केली. परंतु कँडी यांनी रूढ केलेली विरामचिन्हे त्यांनी टाकली नाहीत. उलट अर्धविराम आणि अपसारणचिन्ह यांच्या आधारेच त्यांचे लांब, उपवाक्यांनी भरलेले वाक्य उभे राहते. इंग्रजी वळणाला विरोध करणारे हे गद्य इंग्रजी शिस्तीतच तयार झाले आहे. यात दांभिकता पाहणे उथळपणाचे होईल. इंग्रजी पचवल्याशिवाय तिच्या वर्चस्वाशी झगडता येत नाही, ही त्यांची भूमिका होती व ती त्यांनी आचरणात आणली.

येथेच त्यांच्या भूमिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'निबंधमाले'चा वाचक हा इंग्रजी शाळेतून आलेला, बहुतांशी ब्राह्मण सुशिक्षित होता. जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. विष्णुशास्त्र्यांनी या लेखनाचा व समाजाचा समाचार घेताना फुल्यांच्या भाषेची व व्याकरणाची टवाळी केली. युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी शुद्धाशुद्धतेचा मुद्दा पुढे करणे ही परीक्षकाची रीत आहे. उत्तरपत्रिकेतील चुका मोजणारी दृष्टी येथे एका सामाजिक प्रश्नावर लावली गेली. ज्यांना शाळेचा उंबरठाही ओलांडता आला नव्हता त्यांच्या बाजूने कोणी बोलत असता त्याच्या विभक्तिप्रत्ययांवर बोट ठेवणे, हे विष्णुशास्त्र्यांच्या सामर्थ्याचे लक्षण मानता येत नाही. व्याकरण हे ज्ञानाचे साधन असते तसेच ते दाराशी बसलेल्या द्वारपालाचे हत्यारही होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पुढे विष्णुशास्त्र्यांची रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली झाली. १८७८ च्या मे महिन्यात कृष्णशास्त्री निवर्तले. १८७९ मध्ये विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला व ते पुण्यास परतले. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे तरुण त्याच सुमारास स्वतंत्र शिक्षणसंस्थेचा विचार करीत होते. १८८० च्या जानेवारीच्या आरंभी मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी आरंभापासून होते, वामन शिवराम आपटे पहिल्याच वर्षी आले आणि आगरकर पुढील वर्षी. शाळेच्या नावातच इंग्रजी होते, आणि ते असणे अपरिहार्य होते. मराठीतून सर्व विषय शिकवणारी शाळा काढली असती तर तिचे विद्यार्थी मॅट्रिकला बसू शकले नसते आणि पालकांनी आपली मुले पाठवली नसती. सरकारी मदतीवाचून चालणाऱ्या शाळेला परीक्षेतील यश हाच आधार होता. ते यश तिला लवकर मिळाले. आपट्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थिसंख्या शेकड्यांत गेली, आणि संस्कृतसाठी असलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवर शाळेचे नाव झळकू लागले. आपट्यांचे संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक १८८१ चे. परीक्षेच्या सरावातून विद्वत्तापूर्ण ग्रंथ कसा निर्माण होऊ शकतो, याचे ते उत्तम प्रमाण आहे.

शाळेबरोबरच विष्णुशास्त्र्यांचे इतर उद्योग चालू होते. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह', चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना आणि १८८१ च्या जानेवारीत निघालेली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे, हे सर्व अवघ्या चार वर्षांतील काम आहे. एक पत्र मराठीत व एक इंग्रजीत, ही योजनाही सूचक आहे. इंग्रजी राज्यकर्त्यांशी बोलण्याची भाषा आणि मराठी स्वजनांशी बोलण्याची, अशी विभागणी त्यात दिसते. १७ मार्च १८८२ रोजी, बत्तिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी हंटर आयोगाचे काम चालू होते. न्यू इंग्लिश स्कूलच्या कामगिरीची आयोगाच्या अध्यक्षांनी प्रशंसा केली. त्याच आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारचा पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो पुरवणारा शेतकरी मात्र प्राथमिक शिक्षणालाही मुकतो, हा त्यांचा मुद्दा होता. ज्यांच्या व्याकरणाची टवाळी झाली होती, त्यांनी शिक्षणव्यवस्थेचे मूळ दुखणे अचूक सांगितले होते. विष्णुशास्त्री हे निवेदन वाचावयास राहिले नव्हते. त्यांच्या शाळेचे यश आणि फुल्यांचे निवेदन या दोन गोष्टी एकाच वर्षी एकाच आयोगापुढे आल्या, हे ध्यानात ठेवूनच त्या काळाचा इतिहास लिहिला पाहिजे.

पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले, परीक्षा दिल्या आणि गिरवलेले विसरून गेल्या. त्या सर्व श्रमांतून मराठीला काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विष्णुशास्त्र्यांचे चरित्र मार्गदर्शक ठरते. परकी भाषेच्या व्याकरणासाठी केलेले कष्ट स्वभाषेकडे वळवता येतात हे त्यांनी दाखवून दिले. त्या कष्टांतून आलेल्या अधिकाराचा दुरुपयोग कसा होतो, हेही त्यांच्याच लेखनात दिसते. मराठीच्या अध्यापकाला या दोन्ही गोष्टींपासून शिकण्यासारखे आहे. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना तो काय सांगू पाहतो आहे हे आधी वाचावे व त्याच्या चुकांकडे नंतर वळावे, एवढा बोध जरी घेतला तरी विष्णुशास्त्र्यांच्या थोरवीला बाध येणार नाही आणि फुल्यांवर झालेल्या अन्यायाचे अंशतः परिमार्जन होईल.