एकटीचे मत : जेनेट रँकिन

लोकशाही राष्ट्राला युद्ध पुकारायचे तर ते लोकांच्या नावानेच पुकारावे लागते. पण लोकांना ते खरोखर हवे आहे काय, हे पुष्कळदा त्यांना न विचारताच नेता ठरवून टाकतो. अशा वेळी नेत्याला नकार देण्याचे धैर्य अमेरिकेत एका स्त्रीने एकदा नव्हे, दोनदा दाखविले. त्या स्त्रीचे नाव जेनेट रँकिन.

रँकिनबाईंचा जन्म ११ जून १८८० रोजी मोंटाना राज्यात, मिझूला गावाजवळ झाला. १९०२ साली त्यांनी मोंटाना विद्यापीठाची जीवशास्त्रातील पदवी घेतली. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरल्या आणि गावोगाव हिंडून सभा घेऊ लागल्या. १९१४ मध्ये मोंटानातील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि १९१६ च्या निवडणुकीत रँकिनबाई अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून जाणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. देशभरातील स्त्रियांना हा हक्क मिळायला १९२० साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते.

त्याच १९१६ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन पुन्हा निवडून आले होते. देशाला युरोपातील युद्धापासून दूर ठेवले, हीच त्यांच्या प्रचाराची मोठी जमेची बाजू होती. परंतु २ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी काँग्रेसपुढे युद्धाची मागणी ठेवली. रँकिनबाईंचा सभागृहातील तो पहिलाच दिवस! भाऊ वेलिंग्टन यांनी युद्धाच्या बाजूने मत देण्याचा आग्रह धरला. विरोध केलास तर मताधिकाराच्या चळवळीचे नुकसान होईल, असे काही सहकारी स्त्रियांनीही बजावले. ६ एप्रिलच्या पहाटे पहिल्या पुकाऱ्याला त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या पुकाऱ्याला त्यांनी विरोधात मत दिले. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला.

लोक खरोखर युद्धासाठी आतुर होते काय? तसे असते, तर आठवडाभरातच सरकारला प्रचारासाठी खास समिती का नेमावी लागली? मे महिन्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आणि जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा का करावा लागला? या दुसऱ्या कायद्याखाली युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांवर खटले भरले गेले. ज्या पाठिंब्यासाठी विरोधकांचे तोंड बंद करावे लागते, त्याला लोकमत कसे म्हणावे?

१९१८ मध्ये रँकिनबाईंनी सिनेटची निवडणूक लढवली, पण त्या हरल्या. पुढची वीस-बावीस वर्षे त्यांनी शांततेच्या प्रचारात घालवली आणि १९४० साली त्या पुन्हा निवडून आल्या. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहात युद्धाच्या बाजूने ३८८ मते पडली आणि विरोधात एक! ते मत रँकिनबाईंचे होते. बाहेर जमाव इतका खवळला की त्यांना टेलिफोनच्या खोलीत आसरा घ्यावा लागला आणि पोलिसांनी त्यांना सोडविले.

या वेळी मात्र लोकमत खरोखरच युद्धाच्या बाजूने होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हल्ला झाल्यावर दुसरा मार्ग कोणता होता, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही पडतो, आणि तो गैर नाही. पण लोकमत आपल्या बाजूने असले तरच विवेकाने बोलावे, हा नियम त्यांना मान्य नव्हता. त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. १९४२ मध्ये त्या निवडणुकीला उभ्याच राहिल्या नाहीत.

गांधीजींच्या अहिंसेच्या ओढीने १९४६ पासून त्या अनेकदा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ त्यांनी वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांच्या मोर्चाचे नेतृत्व केले. १८ मे १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. बारा वर्षांनी, १९८५ मध्ये, ज्या कॅपिटॉलमध्ये त्या एकट्या पडल्या होत्या, तेथेच त्यांचा पुतळा उभा राहिला.

त्यांचे प्रत्येक मत आपल्याला पटेलच असे नाही. परंतु कोणी नेता सारा देश माझ्या पाठीशी आहे असे गर्जून सांगू लागला, की तो देश त्याने कधी विचारला, एवढे विचारण्याची सवय आपण त्यांच्याकडून अवश्य घ्यावी.