थिबा राजाचा राजवाडा कधीच थिबा राजाच्या मालकीचा नव्हता

रत्नागिरीला फिरायला येणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळ्याला जायचं, वाटेत वळणावर गाडी थांबवून समुद्राचे फोटो काढायचे आणि परतताना शहरातला थिबा पॅलेस बघायचा. तिथे फार वेळ लागत नाही. लाल रंगाची मोठी इमारत, अर्धगोल लाकडी खिडक्या, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आणि उंचावरून दिसणारी भाट्याची खाडी. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता, एवढं कळतं आणि माणूस पुढे आंबे घ्यायला जातो.

पण एक साधा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही. हा राजवाडा नक्की कुणाचा होता?

नाव थिबा राजाचं. पण जमीन सरकारची, बांधकामाचा पैसा सरकारचा आणि फाटकावरचा पहाराही सरकारचाच. ज्याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते, तो तिथे जेमतेम सहा वर्षं राहिला आणि तेही कैदी म्हणून. थिबाच्या आयुष्याची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर तो ज्या ज्या घरांत राहिला त्यांचा हिशोब मांडावा लागतो.

पहिलं घर : मंडालेचा राजवाडा

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा. वडील राजा मिंदॉन यांनी १८५७ मध्ये मंडाले ही नवी राजधानी वसवायला घेतली होती. शहराच्या मधोमध चौकोनी तटबंदी, भोवती पाण्याचा खंदक आणि आत सागवानी लाकडाचा, सोन्याचा मुलामा दिलेला राजवाडा.

मिंदॉनला राण्या अनेक आणि मुलंही भरपूर. त्यात थिबाचा नंबर लागण्याची शक्यता फारशी नव्हती. त्याचं बालपण बौद्ध मठात, धर्मग्रंथांच्या अभ्यासात गेलं होतं. पण मिंदॉन आजारी पडला आणि त्याची एक वजनदार राणी सिनब्युमाशिन हिने सूत्रं हातात घेतली. आपल्या ऐकण्यात राहील असा राजा तिला हवा होता. तिने थिबाला पुढे केलं आणि आपली मुलगी सुपयालत त्याला दिली. ऑक्टोबर १८७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी थिबा गादीवर आला.

गादीला धोका नको म्हणून फेब्रुवारी १८७९ मध्ये राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी जणांची कत्तल झाली. त्यात थिबाची सावत्र भावंडं होती. हुकूम नेमका कुणाचा, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. बरेच जण सासू आणि मंत्र्यांकडे बोट दाखवतात. पण राजा थिबा होता, त्यामुळे डाग त्याच्याच नावावर लागला. पुढे त्याला हटवताना इंग्रजांनी याच कत्तलीचा भरपूर गवगवा केला.

सागवानाचं भांडण आणि पंधरा दिवसांचं युद्ध

खरं कारण मात्र व्यापाराचं होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागवान तोडून नेत असे. हीच कंपनी पुढे वाडिया समूहाकडे आली आणि आजही चालू आहे. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं आणि पैसे बुडवले, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला.

त्यात थिबाचा दरबार फ्रान्सशी जवळीक वाढवत होता आणि इंग्रजांना ते खपणारं नव्हतं. त्यांनी निर्वाणीचा खलिता पाठवला, दरबाराने तो मानला नाही आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांचं सैन्य इरावती नदीतून बोटींनी मंडालेकडे निघालं. युद्ध पंधरा दिवसांतच आटोपलं. २९ नोव्हेंबरला थिबा आणि सुपयालत यांना बैलगाडीत बसवून रस्त्याने नदीकाठी नेलं गेलं. बघायला हजारो लोक होते. रस्त्यावरच्या बहुतेकांनी आपला राजा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला आणि तोच शेवटचा ठरला.

१ जानेवारी १८८६ ला इंग्रजांनी ब्रह्मदेश आपल्या राज्याला जोडल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

मागे राहिलेल्या राजवाड्याचं काय झालं? तटबंदीच्या आतल्या भागाचं नाव फोर्ट डफरिन झालं. दरबाराच्या दालनात चर्च भरू लागलं आणि दुसऱ्या भागात गोऱ्या साहेबांचा क्लब. राजाचं सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात गेलं.

रत्नागिरीच का?

थिबाला आधी मद्रासला ठेवलं. तिथेच मार्च १८८६ मध्ये त्याची तिसरी मुलगी जन्मली. पुढच्याच महिन्यात सगळ्या कुटुंबाला बोटीने रत्नागिरीला आणलं.

आज कोकण रेल्वे आहे, महामार्ग आहे. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मागे सह्याद्री, पुढे समुद्र आणि पावसाळ्यात बोटी बंद. राजाला सोडवायला कुणी येणं अवघड आणि राजाने पळून जाणं त्याहून अवघड. इंग्रजांना अशीच जागा हवी होती. १८५७ नंतर दिल्लीचा बादशाह बहादूरशाह जफर याला त्यांनी रंगूनला धाडलं होतं. आता ब्रह्मदेशाच्या राजाला हिंदुस्थानात आणलं. राजाला त्याच्या माणसांपासून समुद्रापार तोडायचं, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच.

दुसरं घर : साहेबांचे बंगले

रत्नागिरीत थिबाला साहेब लोकांसाठी बांधलेल्या बंगल्यांत ठेवलं गेलं. राजा, राणी, तिची धाकटी बहीण सुपयागले, जी थिबाची दुसरी राणी होती, मुली आणि नोकरचाकर. १८८७ मध्ये चौथी मुलगी झाली, ती रत्नागिरीतच.

थिबाला ठरावीक तनखा मिळे. पण राजाचा हात सढळ. सण, मुलींचे कान टोचण्याचे विधी, नोकरांना बक्षिसं, सगळं थाटात व्हायचं. तनखा पुरेना तेव्हा मंडालेहून बरोबर आणलेली माणकं आणि दागिने एकेक करून विकायला निघाले. रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांनी ती स्वस्तात घेतली. कर्ज वाढलं, सावकार दारात आले आणि सरकारने खर्चावरची देखरेख आणखी आवळली. बाहेर जायचं तर परवानगी, पाहुणा भेटायचा तर परवानगी.

घर तर सरकारचं होतंच, पण हातातली जी थोडी मालमत्ता खरोखर राजाची होती, तीही अशी वर्षागणिक कमी होत गेली.

तिसरं घर : लाल राजवाडा

बंगले अपुरे पडतात, राजाच्या इभ्रतीला शोभत नाहीत, अशा तक्रारी वर्षानुवर्षं चालू होत्या. अखेर सरकारने नवा वाडा बांधायचं ठरवलं. १९०६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि लाखाहून अधिक रुपये खर्च करून १९१० मध्ये ते पुरं झालं. कोकणातला जांभा दगड, उतरती छपरं आणि सागवानी लाकूडकाम. ज्या लाकडावरून राज्य गेलं, तेच लाकूड या घरातही होतं.

नोव्हेंबर १९१० मध्ये कुटुंब राहायला आलं. तोवर रत्नागिरीत चोवीस वर्षं उलटून गेली होती. राजा एक्कावन्न वर्षांचा होता.

गंमत म्हणजे, नेमक्या त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे कैदी.

नव्या वाड्यात सुख फार काळ लाभलं नाही. १९१२ मध्ये सुपयागले वारली. आपल्याला मायदेशी जाऊ द्यावं, म्हणून थिबा सरकारकडे अर्ज करत राहिला आणि सरकार नकार देत राहिलं. डिसेंबर १९१६ मध्ये हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. आयुष्याची पहिली सत्तावीस वर्षं बर्मात गेली आणि त्यानंतरची तीसहून अधिक कैदेत.

मेल्यावरही जागा मिळेना

थिबाचा आणि सुपयागलेचा देह ब्रह्मदेशात न्यावा, असा सुपयालतचा आग्रह होता. सरकारला भीती होती की मेलेला राजाही तिकडे लोकांना एकत्र आणेल. राणी हटली नाही आणि सरकारही हटलं नाही. दोन वर्षांहून जास्त काळ हा तिढा चालला. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारनेच रत्नागिरीत समाधी बांधून दोघांना तिथे ठेवलं. आज शिवाजीनगर भागात ती समाधी आहे.

त्याच वर्षी राणीला आणि मुलींना परत जायची परवानगी मिळाली. पण मंडालेला नाही, रंगूनला. तिथे सरकारने दिलेल्या बंगल्यात राहून १९२५ मध्ये सुपयालत वारली. तिला मंडालेत दफन करू द्यायलाही सरकार तयार झालं नाही.

धाकट्या राजकन्येने मात्र हिशोब मागायचं सोडलं नाही. १९३० च्या दशकात तिने घराण्याची जप्त मालमत्ता परत द्या, अशी मागणी सरकारकडे लावून धरली. त्यात न्गामौक नावाचं प्रसिद्ध माणिक होतं. शरणागतीच्या वेळी ते कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याने नेलं, असं घराण्याचं म्हणणं होतं. माणिक मिळालं नाहीच, उलट राजकन्येलाच रंगूनमधून मौलमीनला हलवण्यात आलं. १९३६ मध्ये तिचा मृत्यू झाला.

जी परत आली

थोरली राजकन्या फयागी हिची गोष्ट रत्नागिरीकरांना जास्त जवळची. बंगल्यावर दरवान असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचे संबंध जुळले. गोपाळचं आधीच लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, तिचं नाव टुटू. १९१९ मध्ये फयागी आई-बहिणींबरोबर रंगूनला गेली खरी, पण काही काळातच रत्नागिरीला परतली. जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, ती इथेच गरिबीत वारली.

टुटूने स्थानिक माणसाशी लग्न केलं, कष्टाची कामं करून मुलं वाढवली आणि २००० साली तिचा मृत्यू झाला. राजाची नात असलेली ही बाई बोलायला, राहायला पूर्ण रत्नागिरीची होती. त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी आली आणि रत्नागिरीतला हा विसरलेला राजा जगभरातल्या वाचकांना माहीत झाला.

मग आज हे सगळं कुणाचं?

मंडालेचा मूळ राजवाडा मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जळून गेला. आज तिथे दिसतो तो १९९० च्या दशकात उभारलेला. कलकत्त्याला नेलेलं सिंहासन मात्र नेलं म्हणूनच वाचलं आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर परत गेलं. लंडनच्या संग्रहालयात असलेल्या राजघराण्याच्या मौल्यवान वस्तू १९६४ मध्ये परत मिळाल्या.

रत्नागिरीचा वाडा कुटुंब गेल्यावर सरकारकडेच राहिला. आधी इंग्रज सरकार, मग आपलं. मधल्या काळात तिथे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्गही भरत. आता तो राज्य संरक्षित वास्तू आहे आणि आत संग्रहालय आहे. विकत घेतला-विकला कधीच गेला नाही. वारसांना तो मिळण्याचाही प्रश्न नव्हता, कारण तो थिबाच्या नावावर कधी झालाच नव्हता.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले आणि त्यांनी समाधीचं दर्शन घेतलं. २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याचे वंशजही येऊन गेले. देह मायदेशी न्यावा की इथेच असू द्यावा, यावर घराण्यातही एकमत नाही.

तोवर रत्नागिरीत थिबाच्या वाट्याला एवढं आलं आहे : कधीच स्वतःचा नसलेला एक वाडा, जो आज सगळं गाव त्याच्या नावाने ओळखतं आणि त्याला नको असलेल्या मातीत बांधलेली एक समाधी. पुढच्या वेळी थिबा पॅलेस बघाल, तेव्हा थोडी वाट वाकडी करून शिवाजीनगरातली ती समाधीही बघून या.