कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

चित्रपट पाहणारे लाखो असतात; पारखणारे विरळा. नटनटींची नावे शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतात. परंतु ज्यांच्या बुद्धीने व हस्तकौशल्याने आपल्या देशात हा धंदा उभा राहिला, त्यांचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. कै. बाबूराव पेंटर हे अशा उपेक्षितांपैकी अग्रगण्य होत. हातात हत्यार धरणाऱ्या आपल्या कारागीर समाजाने तरी त्यांचे चरित्र विसरता कामा नये.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील स्वतः कुशल कारागीर असल्यामुळे चित्रकला व मूर्तिकला यांचे शिक्षण बाबूरावांना घरातच लाभले. कलाशाळेचे दार त्यांनी पाहिले नाही. बंधू आनंदराव यांच्यासह ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला आणि या बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव अकाली निवर्तले. तथापि बाबूराव खचले नाहीत. शिष्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले, राजर्षी शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

1920 साली सैरंध्री प्रकट झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की सरकारने ते कापावयास लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. त्या काळी स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. बाबूरावांनी या चित्रपटात स्त्रियांना उभे केले. सपाट रंगीत पडद्यांच्या जागी लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे त्यांनी उभारले. जो मनुष्य आयुष्यभर पडदे रंगवीत आला, त्यानेच पडद्याची मर्यादा ओळखून तो दूर सारावा, यातच त्यांची थोरवी दिसते. पुढे 1923 सालच्या सिंहगडात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीचे प्रसंग साधले.

परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे 1925 सालचा सावकारी पाश होय. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कपटामुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढाच तिचा विषय. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. यात देव नाही, राक्षस नाही, चमत्कार नाही. अंधुक उजेडातील एक झोपडी आणि तेथील कुत्रे, एवढ्यावर दारिद्र्याचे चित्र उभे केले होते. ते पाहणाऱ्यांच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहिले. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाला विशेष आश्रय दिला नाही. परंतु पुढील समीक्षकांनी भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ येथूनच मानला. तिकीटविक्री आणि गुणवत्ता यांची सांगड नेहमीच पडत नाही, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांचे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातचा नावलौकिक सर्वश्रुत आहे. त्याचे मूळ बाबूरावांच्या शिकवणीत आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. बोलपट आल्यावर त्यांनी उषा, प्रतिभा इत्यादी चित्रपट केले आणि 1936 साली सावकारी पाश पुन्हा बोलपटरूपात काढला. तथापि पूर्वीचे वैभव परत आले नाही. चित्रे व शिल्पे यांत मन रमवून 16 जानेवारी 1954 रोजी त्यांनी कोल्हापुरातच देह ठेवला.

आज त्यांच्या मूकपटांपैकी एखाददुसऱ्याचे काही भाग सोडले, तर बाकी सारे नष्ट झाले आहे. 1925 चा सावकारी पाश आता कोणालाही पाहता येणार नाही. ज्या कृतीवर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे, तिची परीक्षा जुन्या माणसांच्या आठवणींवरूनच करावी लागते. म्हणून समाजबांधवांना एक विनंती आहे. कोणाच्या घरी माळ्यावर वा ट्रंकेत जुनी जाहिरात, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्र किंवा फिल्मचा तुकडा असेल, तर तो रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास दाखवावा. आणि तरुणांनी चित्रपट पाहताना नटाच्या मुखाबरोबरच त्यामागील भिंत, प्रकाश व सावलीही न्याहाळावी. ती कोणाच्या तरी हाताने घडविलेली असते. बाबूरावांचे याहून उचित स्मारक दुसरे नाही.