लोकांच्या पैशाचे राखणदार : श्री संत गाडगेबाबा

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबईकर मंडळी यांच्या सहकार्याने पार पडत आहे. या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, असे समितीचे मत पडले व ते काम माझ्याकडे आले. मी गाडगेबाबांचे नाव सुचविले तेव्हा एकदोघांनी शंका काढली. देव देवळात नसून दीनदुबळ्यांत आहे असे जन्मभर सांगत फिरलेल्या माणसाचे चरित्र देवळाच्या पुस्तिकेत कसे शोभेल? शंका रास्त होती. परंतु गावोगाव फिरून लोकांकडून पैसा जमवावा आणि त्यातली पैही आपली म्हणू नये, हे ज्याला साधले त्याचेच चरित्र वर्गणीच्या कामात वाचावे, असे मला वाटते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी, आडनाव जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. आई सखुबाई लहानग्याला घेऊन दापुरे येथे आपल्या माहेरी राहिली. मामाच्या घरी डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला. शाळा काही नशिबी आली नाही. मामा भोळे होते. त्यांचा सावकाराच्या तोंडी शब्दावर विश्वास बसला आणि कागदाने दगा दिला. चांगली कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या वेळी तरुण डेबूजी सावकाराच्या माणसांसमोर उभे ठाकले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. स्वतः निरक्षर राहिलेल्या या पुरुषाने पुढे पोरांना शिकवा, भांडी मोडा पण पोरांना शाळेत घाला असा जो धोशा लावला, त्याचे मूळ मला या जमिनीच्या प्रकरणात दिसते. अंगठ्याने काय काय जाते हे कचेरीत बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

लग्न झाले, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे बोकड व दारू न देता त्यांनी गोड जेवण घातले, त्याचा त्या काळी बराच गवगवा झाला. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात खराटा. त्याच खापरात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी झाडझूड, मग रात्री कीर्तन, आणि पहाटे लोक उठण्यापूर्वी बाबा पुढच्या वाटेला. पायावर डोके ठेवू देत नसत.

बांधकामांना सुरुवात ऋणमोचनपासून झाली. पूर्णा नदीच्या काठी हे यात्रेचे ठिकाण. यात्रेकरू चिखलातून घसरत स्नानाला उतरत. तेथे १९०८ च्या सुमारास बाबांनी लोकांकडून घाट बांधवून घेतला. पुढे मूर्तिजापूरला गोरक्षण व धर्मशाळा, आळंदी, नाशिक व पंढरपूर येथे धर्मशाळा अशी कामे होत गेली. नुसती यादी वाचून त्यांचे मोल कळणार नाही. पंढरपूरचेच उदाहरण घेऊ. वारीला लाखो माणूस जमे, पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला पाठ टेकायला जागा नसे. विठोबाचे देऊळ हरिजनांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. बाबांनी चोखामेळा धर्मशाळेचे काम काढले ते १९१७ साली, म्हणजे तीस वर्षे आधी. आणि एवढी मोठी वास्तू उभी केल्यावर १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांच्यासाठी बांधली, त्यांच्याच शिक्षणाच्या कामी ती लागावी हा हेतू.

आता मुंबईकडे वळतो, कारण आपल्या गावाचा अर्धा संसार तिकडेच झाला. जे. जे. रुग्णालय १८४५ सालचे. परळचे के.ई.एम. १९२६ साली सुरू झाले, आणि कर्करोगाचे टाटा रुग्णालय परळलाच १९४१ साली. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले की मुंबईला न्या असे सांगतात, ते याच तीन दारांशी. रुग्णाला खाट मिळे. पण बरोबर आलेल्या म्हाताऱ्या बापाने, बायकोने राहायचे कोठे? ज्याचे कोणी लालबाग-परळच्या चाळीत असेल तो तेथे जाई. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गिरणी कामगार, त्यांत गावाकडचे आणखी दोन. कोणी नाही म्हणत नसे, ही त्या लोकांची थोरवी. पण ज्याचे मुंबईत कोणीच नाही त्याने पदपथावर तीन दगडांची चूल मांडायची. बाबांच्या डोळ्यांना हे दिसले, आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली. तीर्थाला जाणाऱ्याला निवारा हवा तसाच दुखण्याला मुंबई गाठणाऱ्यालाही हवा, इतका साधा विचार त्यामागे होता. तोवर तो फारसा कोणी केला नव्हता.

पैसा कोठून आला? कीर्तनातून, व्यापाऱ्यांकडून, गोरगरिबांच्या आण्या-पैशांतून. बाबा स्वतः रक्कम जवळ ठेवीत नसत. जमा करणारे वेगळे, खर्च करणारे वेगळे, देखरेख करणारे आणखी वेगळे. इमारत पुरी झाली की ती विश्वस्तांच्या ताब्यात देऊन आपण बाहेर झाडाखाली भाकरी खायची. आपल्या नातेवाइकांना या संस्थांत कसलाही हक्क राहू नये, अशी तजवीजही त्यांनी करून ठेवली. पत्नी कुंताबाईही झोपडीतच राहत, धर्मशाळेच्या खोलीत नव्हे. हे कठोर वाटते. मलाही वाटते. परंतु संस्था संस्थापकाच्या पोराबाळांच्या झाल्यावर पुढे काय होते, ते आपल्याच जिल्ह्यात पुष्कळ पाहायला मिळते.

१९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला. देवस्थान असो की धर्मशाळा, नोंदणी करायची, हिशेब ठेवायचा, तपासून घ्यायचा व धर्मादाय आयुक्तांना सादर करायचा, असे ठरले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. धर्मशाळांबरोबर शाळा, वसतिगृहे व आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा ही मिशनची कामे पुढे वाढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडला १९५४ साली महाविद्यालय काढले, त्यालाही सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले. दादरला राहणाऱ्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचे चरित्र लिहिले ते याच सुमारास, १९५२ मध्ये.

आपल्या समितीपुढेही हिशेबाचाच प्रश्न आहे, तो येथे लपवीत नाही. कळस चढला, फरशी बसली, रंग झाला, आणि काही रक्कम शिल्लक राहील असे दिसते. काहींना रस्त्यावर कमान हवी आहे. काहींचे म्हणणे असे की, ती रक्कम बँकेत ठेवून व्याजातून गावातील रुग्णांना मुंबईच्या खर्चासाठी मदत द्यावी. मी दुसऱ्या बाजूचा आहे. कमान शोभेल, यात वाद नाही. पण मागील दहा वर्षांत या गावातून परळला गेलेल्या माणसांची मोजदाद केली तर कमानीची निकड कितपत उरते, ते ज्याने त्याने पाहावे. निर्णय सभेचा. देणगी ज्या कामासाठी घेतली त्याहून वेगळ्या कामाला ती लावायची तर देणगीदारांना विचारावे लागेल व विश्वस्त कायद्याची वाट धरावी लागेल, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

बाबांचे अखेरचे कीर्तन मुंबईतच झाले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेले ते कीर्तन ध्वनिमुद्रित केलेले असल्याने त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. प्रकृती ढासळली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांचे निधन झाले. त्यांच्या नावाने अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते, आणि २००० सालापासून राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव आहे.

त्यांच्या पश्चात मिशनने दादर पूर्वेला मोठी धर्मशाळा बांधली. टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले कर्करोगाचे रुग्ण व त्यांची माणसे तेथे नाममात्र दरात राहतात. आपल्या पंचक्रोशीतील माणसेही तेथे राहून आली आहेत. प्रभादेवीच्या श्री सिद्धिविनायक न्यासाकडूनही गरजू रुग्णांना उपचारासाठी अर्थसाहाय्य दिले जाते. भाविकांनी पेटीत टाकलेला पैसा असा खेड्यातल्या घरापर्यंत पोचतो. पण दोन्ही ठिकाणी कागद लागतात. कित्येक जण ते न घेताच गाडीत बसतात व आठवड्याने कोणाला तरी परत पाठवतात. म्हणून सांगून ठेवतो : रेशनकार्ड व आधारकार्डाच्या प्रती, रुग्णालयाचे कागद, खर्चाचा अंदाज आणि तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला बरोबर असावा. दाखल्यासाठी येताना पूर्वीचे तलाठी, आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांचा अहवाल आधी घ्यावा, म्हणजे एक हेलपाटा वाचेल.